ओगावा-सानांबरोबर आदिस अबाबात

जपानमध्ये प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो. मंगळवारी जळणारा, गुरुवारी प्लास्टिक, महिन्यातून एकदा काचेच्या बाटल्या. किश्शांचा वार मात्र कुठल्याच नगरपालिकेनं ठरवलेला नाही. त्यामुळे ते घरात नुसते साठत जातात!

आता आम्ही उरायासुला राहतो. पण त्सुकुबाच्या जुन्या लॅबमधलं कुणी जेवायला आलं, की मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुकर उतरवायच्या आत गाडी आदिस अबाबावर येतेच. आमची लॅब मातीवर संशोधन करणारी. मी तिथे पोस्टडॉक होतो. सेलाम इथिओपियाची, पीएचडी करत होती, आणि तिचं जपानी माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. ओगावा-सान आमचे टेक्निशियन. साठीला टेकलेले. लॅबमधल्या प्रत्येक यंत्राची नाडी ओळखायचे आणि दिवसाला मोजून दहा-बारा शब्द बोलायचे.

२०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा चार वर्षं होत आली होती.

*

सेलामची पीएचडी संपली. निरोपाच्या पार्टीत ती म्हणाली, "सगळ्यांनी आदिसला यायचं हं!"

सगळे म्हणाले, "नक्की, नक्की!"

या 'नक्की'चा अर्थ जपानमध्ये सगळ्यांना कळतो. पुण्यातही कळतो. ओगावा-सानांना कळला नाही! पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर नऊ पानांचं टाइमटेबल ठेवलं. लॅमिनेट केलेलं.

"साठे-सान, खिडकीची सीट तुमच्या मिसेससाठी धरलीय."

आता नाही कसं म्हणणार? आफ्रिकेत जायचं आमच्या डोक्यातही नव्हतं, पण मेधा त्याच दिवशी बॅगा काढून बसली.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत ओगावा-सानांनी सलग दोन दिवसांच्या वर रजा घेतलेली नव्हती. दहा दिवसांचा अर्ज बघून आमचे प्रोफेसर स्वतः जिना उतरून खाली आले. दार हळूच लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ओगावा-सान, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

*

भूकंपानंतर त्सुकुबात प्रत्येकाच्या दाराशी आणीबाणीची एक बॅग असायची. आमच्या बॅगेतली बिस्किटं पहिल्याच वर्षी चहाबरोबर संपली. ओगावा-सान मात्र ती अख्खी बॅग पाठीवर घेऊन आदिसला आले! टॉर्च, शिट्टी, रेडिओ, चांदीच्या कागदासारखं ते ब्लँकेट, सगळं.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलची वीज गेली. मी आणि मेधा खोलीत चाचपडतोय, तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये शिट्टी वाजली. बाहेर बघतो तर ओगावा-सान! डोक्यावर हेल्मेट, कपाळावर दिवा. एका म्हाताऱ्या जर्मन बाईंना त्यांनी हाताला धरलेलं आणि बाकीचे पाहुणे रांगेत मागे उभे. न बोलता त्यांनी आम्हालाही रांगेत घातलं आणि चार मजले उतरवून लॉबीत आणलं.

लॉबीत रिसेप्शनवरची मुलगी मेणबत्ती लावून निवांत बसली होती. आमच्या वरातीकडे बघत म्हणाली, "वीज रोजच जाते हो. पण इतक्या शिस्तीत खाली आलेले पाहुणे मी पहिल्यांदाच बघतेय. कॉफी घेणार ना?"

*

दुसऱ्या दिवशी म्युझियम. गाइडनं फोनवर सांगितलं होतं, "उद्या दोन वाजता गेटवर भेटू."

आम्ही पावणेदोनला हजर. दोन वाजले, सव्वादोन झाले, गाइडचा पत्ता नाही. ओगावा-सान दर मिनिटाला घड्याळ बघतायत. शेवटी मी सेलामला फोन लावला. ती आधी "अय्या!" अशा सुरात काहीतरी ओरडली आणि मग हसत सुटली.

"मी सांगायलाच विसरले! आमचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. इथले दोन म्हणजे तुमचे सकाळचे आठ!"

मी हे ओगावा-सानांना सांगितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. जन्मात पाच मिनिटं उशीर न केलेला माणूस. आणि आज सहा तास!

आत चौकशी केली तर गाइड दुसरे पाहुणे घेऊन फिरत होता. तो समोर येताच ओगावा-सान कमरेत असे वाकले की वर यायचं नावच घेईनात. बिचारा गाइड घाबरला. तोही वाकला. वाकल्या वाकल्या म्हणाला, "सर, प्लीज, असं नका करू! मीसुद्धा साडेआठलाच आलो होतो!"

*

सेलामच्या आईवडिलांकडे जेवायला गेलो. मोठ्या ताटात इंजेरा, म्हणजे त्यांची जाळीदार आंबूस पोळी, त्यावर डाळी, भाज्या, रस्से. मेधानं तुकडा तोडून तोंडात टाकला आणि मराठीतच ओरडली, "अरे, ही तर आंबोळी! आईच्या हातची!" आम्ही तीन वर्षांत घरी गेलो नव्हतो.

तिथे पाहुण्याला घास भरवायची पद्धत आहे. सेलामच्या आईंनी चांगला लाडवाएवढा घास केला आणि थेट ओगावा-सानांच्या तोंडापाशी नेला. जपानी माणूस! आम्ही श्वास रोखून बघतोय. ओगावा-सानांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास संपला तेव्हा डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "तिखट लागलं का?"

"नाही. आई गेल्यापासून कुणी भरवलं नव्हतं."

मग त्यांनी खिशातून स्वतःच्या चॉपस्टिक्स काढल्या. एक छोटा, नेटका घास उचलला आणि सेलामच्या वडिलांना भरवला. घरात एकच हशा! पाच मिनिटांत आत्या, मामा, शेजारीण, सगळे ओगावा-सानांसमोर तोंड उघडून रांगेत.

*

एका बागेत बाकावर एक वयस्क गृहस्थ भेटले. सूट, टाय, हातात काठी. "इंडिया? माझे गणिताचे सर इंडियन होते!" आदिसमध्ये त्या वयाच्या माणसांकडून हे वाक्य आम्ही बरेचदा ऐकलं. पण यांनी पुढे विचारलं, "त्यांचा एक शब्द मला अजून आठवतो. त्याचा अर्थ सांगाल? माझी वही बघितली की सर म्हणायचे, 'गधड्या!'"

मी आणि मेधा एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"त्याचा अर्थ," मेधा म्हणाली, "लाडका विद्यार्थी."

"मला वाटलंच होतं!" म्हाताऱ्यांनी काठी आपटली. "मीसुद्धा तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला मी दरवर्षी हीच पदवी द्यायचो!"

*

शेवटच्या दिवशी सेलामच्या आजीकडे कॉफीला गेलो.

ओगावा-सानांचा मोठा भाऊ मियागीच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी भूकंपामागून आलेल्या त्सुनामीत तो गेला. लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आजी जमिनीवर हिरवं गवत पसरून शेगडीपाशी बसली होती, कॉफीच्या बिया भाजत. मागे भिंतीवर एक कॅलेंडर. ओगावा-सान जवळ जाऊन बघत राहिले.

"हे जुनं आहे का?"

"नाही, यंदाचंच," सेलाम म्हणाली. "आमची वर्षं वेगळी मोजतात. तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे."

ओगावा-सान बोटांवर काहीतरी मोजायला लागले. दोनदा मोजलं. मग कॅलेंडरसमोर तसेच उभे राहिले. आजीनं हाक मारली तेव्हा येऊन बसले.

तिथे तीन कप कॉफी घ्यावीच लागते. पहिल्या कपाला आजीनं आमची चौकशी केली. आईवडील कुठे, मुलंबाळं का नाहीत, सगळं. सेलाम मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. दुसऱ्या कपाला आजी ओगावा-सानांकडे वळली. घरी कोण कोण असतं?

"मोठा भाऊ आहे," ओगावा-सान म्हणाले. "होड्या दुरुस्त करतो. तसा आळशी आहे. पण गातो फार छान."

सेलाम थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मेधानं माझा हात घट्ट धरला. मग सेलामनं ते सगळं आजीला सांगितलं, जसंच्या तसं.

आजी खुलली. तिसरा कप भरता भरता बराच वेळ काहीतरी बोलत होती.

"आजी म्हणते," सेलाम खाली बघत म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. तिला गाणं आवडतं."

ओगावा-सानांनी कप दोन्ही हातांनी घेतला आणि मान लववली.

"हो," ते म्हणाले. "विचारतो त्याला."