कॅटलॉगमधल्या वहिनी

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, आमच्या बरोबर खालच्या घरात एक कुटुंब राहतं. त्या घरातल्या बाईंना मी वहिनी म्हणते, त्या मला ताई. त्यांचं माहेर पालेगावचं. तिथली त्यांची भातखाचरं आता इमारतींखाली गेली आहेत. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते मी नवऱ्याशिवाय अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी फोटोग्राफर आहे. लग्नकार्यातली नव्हे. उल्हासनगरला एका कापड व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत मी कुर्त्यांचे फोटो काढते. हे फोटो मोबाईलवरच्या विक्रीच्या ॲपवर चढतात. शेठ सिंधी आहेत, साठीकडे आलेले, बोलायला मऊ. ते मला मॅडम म्हणतात आणि रोज चार वाजता न विसरता चहा वर पाठवतात. खोलीला एक खिडकी होती. पण बाहेरचा उजेड दर तासाला बदलतो, आणि कुर्तीचा रंग फोटोत एक आणि घरी पोचल्यावर दुसरा दिसला की माल परत येतो. म्हणून पहिल्याच महिन्यात मी सुतार बोलावून ती खिडकी प्लायवूडने बंद करून घेतली. तेव्हापासून त्या खोलीत सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं सारखंच असतं.

सुरुवातीला मी पुतळ्यावर कपडे चढवून फोटो काढायचे. एकेका कुर्तीचे दोन फोटो लागत. एक पुतळ्याने घातलेला, दुसरा कुर्ती उलटून गळ्याच्या आतल्या बाजूचा. मग कॉम्प्युटरवर पुतळा पुसून टाकायचा आणि आतला गळा बाहेरच्या फोटोला अशा बेताने जोडायचा, की कुर्ती हवेत कुणीतरी घातल्यासारखी दिसावी. या कामात माझा हात बसला होता. पण पुढे शेठना वाटायला लागलं की गिऱ्हाइकाला माणूस बघायला हवा असतो. मुंबईच्या मॉडेल त्यांना नको होत्या. त्या फार उंच असतात, म्हणाले, आपली कुर्ती घेणारी बाई तशी नसते. "घर की लगनी चाहिए, मॅडम."

मीच वहिनींचं नाव सुचवलं.

वहिनी आधी हसल्या. मग दोन दिवसांनी वर आल्या आणि नवऱ्याला विचारलंय म्हणाल्या. शूट दोन दिवस चाललं. पहिल्या तासाभरात त्या अगदी काठीसारख्या उभ्या होत्या, हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. मी त्यांना म्हटलं, भाजीवाल्याकडे आपली पाळी यायची वाट बघतो ना, तशा उभ्या राहा. त्यांनी ओढणीचं टोक हातात धरलं, भार एका पायावर टाकला, आणि मी जे शोधत होते ते मला मिळालं. चाळीसच्या आसपास कुर्त्या झाल्या. शेवटी शेठनी एक इंग्रजी कागद पुढे केला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सही करा, नुसती पद्धत असते. मी तो कागद स्वतः पूर्ण वाचलेला नव्हता.

फोटो ॲपवर आले तेव्हा आमच्या इमारतीत कौतुकच झालं. वहिनींनी ते माहेरी आईला दाखवले. आई म्हणाली म्हणे, लग्नात पण तू इतकी चांगली दिसली नव्हतीस.

वर्षभराने शेठ एका प्रदर्शनातून नवं सॉफ्टवेअर घेऊन आले. आता मला कुर्ती फक्त टेबलावर पसरून, वरून एक फोटो काढायचा होता. तो आणि वहिनींचे जुने फोटो मशीनला दिले की वहिनी ती कुर्ती घालून उभ्या दिसत. मागे पांढरा पडदा नको असेल तर बाग, गॅलरी, कॅफे, हवं ते येई. पहिला फोटो तयार झाला तेव्हा मी आणि शेठनी तो पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला.

मग माझं काम म्हणजे चुका काढणं. कुठे हाताला सहावं बोट फुटलेलं असे, कुठे बांगडी मनगटात रुतलेली. छापाची फुलं शिवणीवर भलतीकडेच वळलेली असत. मी कॅमेरा हातात घेतला तर दिवसातून तासभर, एरवी स्क्रीनसमोर बसून असे. दिवसभर वहिनींचा चेहरा मोठा करून बघायचा आणि संध्याकाळी घरी आले की जिन्यात तोच चेहरा दूध घेऊन वर येताना भेटायचा. त्या विचारायच्या, आज उशीर झाला का. मी हो म्हणून वर निघून जायचे. त्यांना हे सांगायला हवं, असं मला पहिल्या आठवड्यापासून वाटत होतं. पण कुर्त्याच तर आहेत, असं म्हणून मी ते पुढे ढकलत राहिले.

एका सकाळी माझ्यासमोर गाऊनचा गठ्ठा आला. रात्री घालायचे, खांद्यावर नुसत्या बारीक पट्ट्या असलेले, गुडघ्यापर्यंतचे. शेठनी नवा माल सुरू केला होता. मी ते एकेक करून पसरले, फोटो काढले, मशीनला दिले. स्क्रीनवर वहिनी आल्या. खांदे त्यांचे नव्हते, पाय त्यांचे नव्हते. चेहरा त्यांचा होता आणि हातही त्यांचेच होते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तव्याने भाजल्याचा छोटासा डाग होता, तोसुद्धा मशीनने इमानाने उचलला होता.

मी खाली दुकानात गेले आणि शेठना सांगितलं की हे बरं नाही, त्या माझ्या शेजारी राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, ये तो कम्प्यूटर है," ते म्हणाले. "बॉडी उनकी थोडी है. और कागज पे साइन है."

मी पुन्हा वर गेले. त्या वेळी मी नोकरी सोडू शकले असते का, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. नवरा अंबरनाथला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. त्यामुळे लग्नाची कामं, त्यातलं रात्री-अपरात्रीचं येणं, मला जमणारं नव्हतं. लग्नवाल्यांना आता ड्रोन लागतो, रील लागतात. त्यातलं मला काहीच येत नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण त्या दिवशी मी असला काही हिशोब मांडला नाही. मी खुर्चीवर बसले आणि गाऊनची एक पट्टी खांद्यावर नीट बसत नव्हती, ती नीट केली. मग पुढचा फोटो घेतला.

तीनेक आठवड्यांनी, रविवारी दुपारी, वहिनी वर आल्या. त्यांच्या नणंदेने तिच्या फोनवर फोटो बघून त्यांना पाठवला होता. त्या बसल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ताई, हा गाऊन मी कधी घातला?"

मी सगळं सांगितलं. मशीन काय करतं, कसं करतं. माझं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बनवला कुणी?"

"मीच."

त्यांनी मान हलवली, जणू एखादा पत्ता समजून घेतला. त्यांच्या नवऱ्याला हे कॉम्प्युटरचं आहे ते पटलं होतं, पण सासूबाई कालपासून बोलत नव्हत्या. आणि नणंदेच्या सासरी, स्वतःच्या माहेरी पालेगावात, अजून कुठे कुठे हा फोटो गेला असेल ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. "प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावू का मी?" एवढं बोलून त्या खाली गेल्या. मी दार उघडं ठेवून तशीच उभी होते. माझ्या मुलीने येऊन ते लावलं.

सोमवारी आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. शेठनी वहिनींना खुर्ची दिली, सरबत मागवलं. ते खरंच ओशाळले होते. आपल्यालाही सून आहे, म्हणाले. कागदाचा विषय त्यांनी एकदाच काढला आणि सोडून दिला. मग म्हणाले की गाऊन आपण बंद करू शकत नाही, माल भरलाय, पण चेहरा बदलू. आत्ताच, तुमच्यासमोर.

म्हणून मी त्या बंद खोलीत स्क्रीनसमोर बसले आणि वहिनी माझ्या शेजारी स्टुलावर. मी मशीनला दुसरा चेहरा मागितला. त्याने चार बायका दिल्या. चौघी गोऱ्या, नाकीडोळी नीटस, एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा. शेठ मागून म्हणाले, जी पसंत असेल ती तुम्हीच निवडा.

वहिनींनी चौघींकडे बघितलं. "या बायकांना कुणी विचारलंय का?"

"त्या कुणीच नाहीत," मी म्हटलं. "मशीनने बनवल्यात."

"मग पहिल्यापासून यांनाच का नाही घेतलं?"

शेठ काहीतरी कारण काढून खाली गेले. शेवटी मीच एक चेहरा निवडला आणि एकेक गाऊन बदलत गेले. वहिनींच्या मानेवर दुसरी बाई येत होती. चार-पाच फोटो झाल्यावर त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. हात तेच होते, अंगठ्याचा डागही. मी हातही बदलले. मशीनचे नवे हात वाईट येत होते, बोटं एकमेकांत विरघळत होती. दुपारपर्यंत मी हातच दुरुस्त करत बसले. त्या हलल्या नाहीत.

गाऊन संपल्यावर त्यांनी कुर्त्या दाखवायला सांगितलं. पहिल्या शूटपासूनच्या सगळ्या, ओळीने. शंभराच्या वर असतील. त्या म्हणाल्या, यातल्या मी खरंच घातलेल्या असतील तेवढ्या राहू द्या.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. ते फोटो मीच काढले होते. मी एकेक दाखवत गेले. ही त्यांची, ही मशीनची, ही त्यांची. मग एका निळ्या कुर्तीशी अडले. त्यात ओढणीचं टोक हातात होतं, भार एका पायावर होता. पण मशीन ते उभं राहणं पहिल्या दिवशीच शिकलं होतं. पुढे अशा आणखी दहा-बारा निघाल्या. शूटच्या मूळ फाइल, मशीनला लागतात तेवढे दोन-चार फोटो सोडून, कधीच पुसून टाकल्या होत्या, जागा लागते म्हणून. मी वहिनींना विचारलं, तुम्हाला आठवतंय का, ही निळी घातली होती? त्यांनी स्क्रीनजवळ वाकून बघितलं. आठवत नाही, म्हणाल्या.

"काढूनच टाका मग," त्या म्हणाल्या. "सगळेच."

संध्याकाळपर्यंत सगळे काढले. आईला दाखवलेले सुद्धा. दुसऱ्या विक्रेत्यांनी जे उचलून आपल्या नावावर चढवले होते, ते मात्र आमच्या हातात नव्हते. तक्रारी मी अजून करत असते. काही फोटो जातात, काही दुसऱ्याच नावाने परत येतात.

सासूबाई पुढे बोलायला लागल्या. वहिनीही माझ्याशी बोलतात. नळाला बारवी धरणाचं पाणी ज्या दिवशी कमी येतं, त्या दिवशी खालून हाक मारून सांगतात. मी अजून त्याच खोलीत काम करते. प्लायवूड काढून टाकायचं म्हणून मी एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी राहिले होते, पण स्क्रू गंजून लाकडातच बसले आहेत, आणि नवीन सुतार बोलावायचा तर शेठना काय कारण सांगू.

मध्यंतरी शेठना वयस्कर बायकांसाठी कुर्त्या सुरू करायच्या होत्या. त्यांनी मला विचारलं, मॅडम, तुम्हीच उभ्या राहाल का. मी नाही म्हटलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मशीनने दुसऱ्या दिवशी कपाळाजवळ केस पांढरे झालेली एक बाई बनवून दिली, आणि मी तिच्या कुर्तीच्या शिवणी तपासायला बसले.

गेल्या महिन्यात दोन्ही घरं मिळून बारवीच्या बाजूला जेवणाचे डबे घेऊन गेलो होतो. जेवून झाल्यावर माझा नवरा म्हणाला, सगळ्यांचा एक फोटो काढ. मी फोन बाहेर काढला. वहिनी उठल्या, माझ्या हातातून तो घेतला आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तुम्ही बसा ताई, तुम्ही कधी नसताच फोटोत. मी मुलांच्या मागे बसले. त्यांनी फोटो काढला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आमच्या धाकट्याचे डोळे मिटलेत म्हणाल्या आणि पुन्हा काढला.