ताईचा अंगठा आणि पिवळी वायर

भाऊबीजेच्या आधीचा रविवार. रक्कम नऊ हजार रुपये. हजर: मी, बायको आणि पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आलेली मुलगी. शहाद्यातल्या आमच्या घरी, जेवणं आटोपल्यावर, गेमचं रेकॉर्डिंग करायला कोणतं यंत्र घ्यायचं हे आम्ही ठरवायला बसलो.

मुलीने स्वतःच्या पगारातून नवा गेमिंग कन्सोल घेतला होता. त्यावरचा खेळ लॅपटॉपमध्ये उतरवून तिला मैत्रिणींना दाखवायचा होता. तेवढंच असतं तर मी मध्ये पडलो नसतो. पण तिला जुन्या कन्सोलचंही रेकॉर्डिंग हवं होतं. जुना म्हणजे कॅसेट घालून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम. आम्ही पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हा वडिलांनी तो आणला होता. त्यात एक गडी पळत सुटायचा आणि नदीतल्या ओंडक्यांवरून उड्या मारत जायचा. मी तिसऱ्या-चौथ्या ओंडक्यावर बुडायचो. माझी मोठी बहीण मात्र भाकरी थापता थापता उठून आल्यासारखी यायची आणि त्याला पैलतीरी पोहोचवूनच परत जायची.

ताई आता खापर गावाला असते. ब्लाउज शिवते. तीन वर्षांपासून तिला संधिवात आहे आणि उजव्या अंगठ्याचं पेर सकाळी लवकर वळत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की हे हळूहळू वाढणार. मुलीला म्हणूनच घाई होती. "आत्याचा खेळ मी नुसता ऐकलाय, पप्पा. तिचा हात चालतोय तोवर मला तो बघायचाय आणि ठेवायचाय." ताई भाऊबीजेला येणार होती आणि एक दुपार खेळायला कबूल झाली होती.

मी पतसंस्थेत हिशेब बघतो, तेव्हा पर्याय मांडायचं काम माझ्याकडे आलं. नव्या कन्सोलची वायर चपटी. जुन्याची चित्राला पिवळी आणि आवाजाला पांढरी. दोन्हींना वेगवेगळं रेकॉर्डिंग यंत्र घेता येत होतं. किंवा एकच चांगलं रेकॉर्डिंग कार्ड घ्यायचं, आणि पिवळ्या वायरीचं चित्र चपट्या वायरीत बदलून देणारा छोटा डबा जुन्यासाठी मध्ये लावायचा. कार्ड सहा हजार आठशे, डबा साडेसातशे. नऊ हजारांतून चौदाशे पन्नास उरत होते. जुन्या खेळाची बारीक चित्रं ओळखणारा एक खास डबाही होता, पण तो एकटाच नऊ हजारांच्या वर जात होता. मी एक कार्ड, एक डबा असं ठरवलं आणि मनातून खूश झालो.

सामान आलं. नवा कन्सोल जोडला तर लॅपटॉपवर सगळं काळं. मुलीने कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन नक्कल रोखणारं कुलूप बंद केलं, लगेच चित्र आलं. मग आमचा जुना, डब्यासारखा टीव्ही कपाटावरून उतरवला. त्याला पिवळी वायर लावली. आवाज आला, चित्र नाही. मी म्हटलं, टीव्ही गेला. त्याच्या जागी भिंतीवरचा पातळ टीव्ही वापरू, नाहीतरी आपला डबा आहेच मध्ये. जुना टीव्ही कोपऱ्यात सरकवला.

भाऊबीजेला ओवाळणं झालं, जेवणं झाली. ताईने चष्मा पुसला, कन्सोलचं बटणवालं पॅड मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "कितला हलका व्हता हाऊ! आते कितला जड वाटस!"

पहिल्या ओंडक्यावर गडी बुडाला. दुसऱ्या डावातही. तिसऱ्या डावात तो काठावरूनच पाण्यात गेला. मुलगी हसली, "आत्या, तू तर पप्पांसारखं खेळतेयस!" ताईही हसली. पण पुढच्या डावांत तिचं हसणं थांबलं. ती पुढे सरकून बसली, अंगठा चोळला, पुन्हा खेळली. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालूच होतं.

मग तिने पॅड खाली ठेवलं. "भाऊ, मन्हा हात गयात रे."

"काहीतरीच. सवय सुटली ताई."

"सवय नही. मी दाबस तवय तो उभाच. पानीमा पडी जास नि मंग उडी मारस." आपल्या हाताकडे उलटसुलट बघत ती पुढे म्हणाली, "मशीन सुनले दी टाकसू. लोकेस्नं कापड बिघाडानं काय काम?"

तीस वर्षं तिने त्या शिलाई मशीनवर घर उचलून धरलं आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बायको चहा ठेवायला उठली.

मला मात्र तिचं एक वाक्य खटकत होतं. दुखरा अंगठा उशिरा दाबेल, हे पटतं. पण ती म्हणत होती की दाबल्यानंतर गडी उभा राहतो. मी मुलीला म्हटलं, "फोनवर हळू चालणारा व्हिडिओ काढ. आत्याचा अंगठा आणि टीव्ही, दोन्ही एकदम दिसले पाहिजेत."

ताई कुरकुरली, तरी एक डाव खेळली. फोन सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढत होता. बटण खाली गेल्यापासून गडी उडेपर्यंत मी एकेक चित्र सरकवून मोजलं. तीस झाली. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. गडी ओंडक्याच्या काठावर आला की तिचा अंगठा अगदी वेळेवर दाबत होता. डबा आणि पातळ टीव्ही मिळून ते चित्र दाखवायला उशीर करत होते. मी रेकॉर्डिंगचा सगळा विचार केला होता, खेळणाऱ्या माणसाला कधी दिसेल याचा केला नव्हता.

तिला व्हिडिओ दाखवला. ती दोनदा बघून म्हणाली, "म्हंजे हाऊ डबा मन्हापेक्षा म्हतारा शे?"

"म्हातारं माझं डोकं झालंय," मी म्हटलं. "तो मीच निवडला."

जुन्या टीव्हीला असा उशीर नसतो, हे मुलगी सांगत होती. पण तो तर गेलेला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. आमचं बोलणं ऐकून कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर वाकली आणि म्हणाली, "आहो, दसराले मीच त्याले हयद-कुंकू लावस. पुढे हाई भोकं शेतस ना, बोट तठेच बरोबर बसस."

दसऱ्याला आमच्याकडे घरातली यंत्रं पुसून पूजतात: मोटरसायकल, मिक्सर, ताईकडे शिलाई मशीन, आमच्याकडे टीव्ही. मी बॅटरी धरून बघितलं. पिवळं भोक कुंकवाने आतपर्यंत लिंपलं होतं. पांढऱ्याच्या वाट्याला बोट आलं नसावं, म्हणून आवाज येत होता. मुलीने काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने ते साफ केलं. कापूस लालभडक निघाला. ताई इतकी हसली की चहा सांडला. "देवले चित्र दिसनं नि आपले नही!"

मी चौकातल्या दुकानातून एकाची दोन तोंडं करणारी पिवळी वायर आणली. एक तोंड थेट जुन्या टीव्हीला, दुसरं डब्याला आणि तिथून रेकॉर्डिंगला. सिग्नल वाटून गेल्यामुळे चित्र जरा अंधुक झालं. टीव्हीचा उजेड वाढवला. रेकॉर्डिंगला उशीर झाला तर होऊ दे, त्याची कुणाला घाई होती?

ताईने पुन्हा पॅड घेतलं. पहिला ओंडका, दुसरा, तिसरा. चौथ्यावर मीच पुढे सरकलो. ती नदी ओलांडून गेली आणि पुढच्या नदीला भिडली. मध्ये थांबून तिने अंगठा पदराच्या उबेत धरला. शेवटच्या नदीत ती बुडाली. पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा गडी काठाला लागला. तिने पॅड मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि अंगठा चोळत म्हणाली, "दुखस. पन ऐकस."

मशीन सुनेला देण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवशी खापरच्या बसला बसताना तिने बायकोकडून दोन ब्लाउजांचं कापड मागून घेतलं. पुढच्या महिन्यात ब्लाउज आले. काजं जरा मोठी झाली आहेत, पण टीप सरळ आहे.

शेवटी दिलं ते असं: कार्ड आणि डबा, सात हजार पाचशे पन्नास, ऑनलाइन विकणाऱ्याला. दोन तोंडांची वायर, साठ, चौकातल्या दुकानदाराला. दोन ब्लाउजांची शिलाई, सातशे, ताईला; बहीण असली तरी तिने एक रुपया सोडला नाही आणि मी मागितला नाही.