भाऊजींची खर्ऱ्याची पन्नी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, आर्णीजवळ शेती करतात. माणूस मोठा दिलदार. सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा तयार झाला, की प्लास्टिकची ती पन्नी आधी समोरच्यापुढं धरायची आणि मगच आपण चिमूट घ्यायची, हा त्यांचा नेम. एकट्यानं खाल्लेला खर्रा त्यांना चोरीचा वाटे. मला त्या दिलदारीचं कौतुक होतं आणि पन्नीचा मनस्वी राग होता, कारण भाऊजींचं तोंड उघडेनासं झालं होतं. ताई भाकर वरणात कुस्करून द्यायची. असंच चाललं तर तोंड पुरतं मिटेल, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊजींनी डॉक्टरांपुढंही पन्नी धरली!

मग तंबाखूवरचा कर वाढणार, अशी बातमी आली. मी खूश झालो.

"वाढू द्या ना," भाऊजी म्हणाले. "सरकारच्या भेवानं मी खर्रा सोडीन काय?"

कर यायचा तेव्हा येईल, चौकातल्या पानठेलेवाल्यानं भाव दुसऱ्याच दिवशी वाढवला. आणि चौकातली तऱ्हाच बदलली. जो तो पन्नी खिशात दाबू लागला. कोणी जवळ आलं, की "संपला ना भाऊ" म्हणून मोकळा.

एकदा भाऊजी आणि मी ठेल्यापाशी उभे होतो. त्यांचा जुना मित्र समोरून येताना दिसला आणि भाऊजींनी हातातली पन्नी झटकन खिशात घातली. मित्र रामराम करून पुढं गेला. भाऊजींचा चेहरा पार उतरला.

"मी कायले लपवून राह्यलो बा?" ते म्हणाले. पन्नी ठेल्यावर ठेवली आणि चालू लागले.

पुढं महिनाभर ते घरादारावर खेकसत होते, असं ताई सांगायची. पण पुन्हा खर्रा घेतला नाही. मला हा माणूस तेव्हा फार मोठा वाटला.

दिवाळीत गेलो, तर भाऊजी ओसरीवर बसून पन्नी घोटत होते. जवळ जाऊन पाहिलं, तर आत बडीशेप आणि खडीसाखर. हाताची सवय सुटली नव्हती. त्यांनी पन्नी माझ्यापुढं धरली, मग आतून चहा घेऊन आलेल्या ताईपुढं. त्यांचं तोंड अजून पुरतं उघडत नव्हतं, तरी ते हसत होते.

ताईनं चिमूट घेतली आणि पदर डोळ्यांना लावला.

"साऱ्या गावाले पुसत होते," ती मला म्हणाली, "मले आज पह्यल्यांदा पुसलं."