वर उचललेला कोपरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत मी प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे डिझाइन करते. साच्यात वितळलेलं प्लास्टिक भरलं की ते गार करायचं काम पाण्याचं. पोलादात लांब भोकं पाडून आम्ही त्या पाण्याला वाटा करून देतो. एखाद्या ठिकाणी पाणी पोचलं नाही, तर वस्तू वाकडी होते.

एकदा बर्फाच्या पेटीच्या झाकणाचं काम आलं. पहिल्याच ट्रायलला झाकणाचा एक कोपरा वर आला. कडीची खाच तिथेच, आणि तयार झाकण साच्याबाहेर ढकलणारी पिनही तिथेच. पाणी न्यायला जागाच उरली नव्हती. कडी जरा सरकवू द्या म्हणून कस्टमरला फोन केला. "डिझाइन फायनल आहे," म्हणाले.

मग पिनच्या अगदी शेजारून एक खोल भोक घ्यायचं ठरवलं. आमचे ड्रिलिंगवाले काका साताऱ्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. ड्रॉइंग बघून म्हणाले, "मॅडम, मधली भिंत लई पातळ ऱ्हातीय."

"दुसरीकडे जागाच नाही ना, काका."

"त्ये बी दिसतंय. करू."

ड्रिल आत शिरलं की डोळ्यांचा काही उपयोग नसतो, नुसता आवाज ऐकायचा. मी शेजारी उभी होते. मध्येच आवाज जरा जाड झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. पण ड्रिल पिनच्या बाजूला जे वळायचं ते वळून गेलं होतं. दाबाने पाणी सोडून बघितलं, तर पिनच्या भोकातून थेंब आला. काकांनी तो फडक्याने पुसला. दुसरा आला, तोही पुसला. ते पुसतच राहिले. शेवटी आमचे मालक म्हणाले, "राहू द्या आता."

वेल्डिंगवाल्याने बघून मान हलवली. भरलं तरी पुन्हा तडकणार. नवा भाग करायला कस्टमर थांबणार नव्हता. त्या वाटेने पाणी सोडायचंच नाही म्हणून भोक तोंडाशी बुजवलं आणि कस्टमरच्या माणसासमोर परत ट्रायल घेतली.

झाकण बाहेर आलं तेव्हा सपाट होतं. टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. थोड्या वेळाने आमच्या डोळ्यांदेखत तो कोपरा हळूहळू वर यायला लागला. मालकांनी त्यावर तळहात दाबून धरला. हात काढला तसा तो परत उठला.

"सीझन तोंडावर आलाय," कस्टमरचा माणूस म्हणाला. "असाच नेतो. झाकणांवर वजन ठेवून गार करू." त्याच दुपारी साचा टेम्पोत चढला.

पुढच्या आठवड्यात काकांनी ग्राइंडिंगवर बदली मागून घेतली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"काका, तुमची काही चूक नव्हती."

"ठावं हाय. तुमची बी नव्हती." त्यांनी भाकरी मोडली. "कुणाची असती, तर रागवाया तरी आलं असतं."

मी त्यांच्या ताटलीत थोडी उसळ वाढली. ते "बास, बास" म्हणाले. खोल भोकांचं काम आम्ही आता तुर्भ्याला बाहेर करायला देतो.