समिती येते तेव्हाच मुलं येतात

मुलीला बालविकास आणि मानसशास्त्राची पदवी घ्यायची आहे म्हटल्यावर आत्या-मावश्या म्हणाल्या, "त्याला कॉलेज कशाला? लेकरं झाली की येतंच की ते." त्यांच्याशी वाद घालण्यात माझे पंधरा दिवस गेले. कॉलेज बघायला एकच दिवस उरला, आणि अर्जाची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

पुण्याचं कॉलेज तिच्या वडिलांनी जेवता जेवता फेटाळलं होतं. उरलं गावातलं हे एक. मुलीची अट एकच होती: तीन वर्षं मुलांविषयी नुसतं वाचायचं नाही, मुलांत बसायचं.

प्राचार्यांनी माहितीपुस्तिका दिली. पहिल्या चार पानांवर संस्थापकांपासून सचिवांपर्यंत सगळे फेटे बांधून बसलेले. पाचव्या पानावर 'सुसज्ज बालनिरीक्षण कक्ष'. मूल मात्र एकाही पानावर नव्हतं.

"कक्ष बघू का सर?" मुलीनं विचारलं.

शिपाईमामांनी वर नेलं. दाराला कुलूप.

"किल्ली म्याडमकडं हाय, अन् म्याडम रजेवर. तपासणी समिती आली की उघडतोय की आमी. लई झ्याक हाय आतनं."

खिडकीतून पाहिलं. घसरगुंडी, लाकडी ठोकळे, भातुकली. सगळं प्लास्टिकच्या आवरणात.

"आणि मुलं कधी येतात, मामा?"

"समिती आली की. शेजारच्या बालवाडीतनं आणतोय दोन तास. जाताना बिस्किटपुडा देतोय."

मी खाली येऊन प्राचार्यांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "रोज मुलं आली तर साहित्य खराब होतं, मॅडम."

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं, "राहू दे हे. पुढच्या वर्षी पुण्याचं बघू."

"बाबांशी तू बोलणार?"

आत्या-मावश्यांना मी पुस्तकांतले दाखले देऊन देऊन नमवलं होतं. ज्या एका माणसाशी भांडायला हवं होतं, त्याला त्या रात्री आणखी एक पोळी वाढली होती.

ती कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहून अर्ज भरू लागली. 'हेच महाविद्यालय का निवडले?' या रकान्यात तिनं लिहिलं: दुसरीकडे पाठवत नाहीत म्हणून.

कारकून म्हणाला, "असं नको गं बाळ. 'उत्तम सुविधा' लिही, सगळ्या तेच लिहितात."

"असू दे, सर."

आई काहीतरी बोलेल म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला.