एकच ढीग

गावोगावचा कापूस एकत्र विकणाऱ्या आमच्या सोसायटीत एक आबा होते. सभेत मी ठराव वाचला की ते मागे वळून तोच मागच्यांना अहिराणीत सांगत आणि मग मला म्हणत, "हां मास्तर, पुढे." मी पदवीधर म्हणून सगळ्यांचा मास्तर.

एका हंगामात आबांचंच गाव अडून बसलं. "आमना कापूस दुसरा गावना ढिगमा टाकाना नही." सोसायटी मोडते की काय, अशी मला भीती वाटली. आबांनी कुणाला समजावलं नाही. आपलं पहिल्या वेचणीचं शुभ्र गाठोडं त्यांनी त्या दुसऱ्या गावाच्या ढिगावर सोडलं आणि दोन्ही हातांनी पसरलं.

"आते सांगा, यामा मना कापूस कोनता शे?"

कुणीतरी हसलं. मग दुसरं गाठोडं सुटलं, तिसरं सुटलं.

धोतराला चिकटलेला कापूस झटकत आबा माझ्याकडे वळले.

"हां मास्तर, पुढे."