तासभर न धावलेली बस

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. पत्नीने चहाचे कप बाजूला सारले, जेवणाच्या टेबलावर गणिताचे पुस्तक उघडले आणि म्हणाली, "आज सोक्षमोक्ष लावायचा."

सोक्षमोक्ष कशाचा, ते सांगणे आवश्यक आहे. तिचे शिक्षण सहावीनंतर थांबले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला रोज होडीतून पाठवण्यास घरातले तयार नव्हते. गेल्या जूनमध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तिने मुक्त शाळेत आठवीच्या परीक्षेसाठी नाव घातले. मला नंतर सांगितले. मी हरकत घेतली नाही. मराठी, इतिहास, विज्ञान हे विषय तिने माझ्या मदतीवाचून केले. गणित मात्र अडले. अभ्यासकेंद्रातील बाईंनी गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा दिली होती. निर्णय त्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

गृहविज्ञान या शब्दावर ती चिडत असे. "जन्मभर तेच केलं. त्याचा आता दाखला कशाला?" गणित सोडले तर शाळा दुसऱ्यांदा सुटल्यासारखे होईल, असेही ती एकदा म्हणाली होती. पुन्हा म्हणाली नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात नोकरी केली. दाब, तापमान आणि प्रवाह मोजणारी उपकरणे खरे दाखवतात की नाही, हे तपासणे माझे काम होते. एका एककातून दुसऱ्या एककात जाणे हा माझा रोजचा व्यवहार. तो कोणाला शिकवण्याची वेळ क्वचितच आली होती.

गुणोत्तराचा भाग तिने ओलांडला होता. प्रथम तिने पाच मीटर आणि ऐंशी सेंटिमीटर यांचे गुणोत्तर पाचास ऐंशी असे लिहिले, मग स्वतःच थबकली. "म्हणजे साडीपेक्षा ब्लाउजपीस मोठा झाला की!" त्यानंतर एकके सारखी करण्यास तिला सांगावे लागले नाही.

त्या सकाळी व्यस्त प्रमाणाची उजळणी प्रथम घेतली.

"आठ मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात. बारा मजूर किती दिवसांत बांधतील?"

"भिंत केवढी आहे?"

"लिहिलेले नाही. गरज नाही."

"गरज कशी नाही? बारा जण उभे कुठे राहणार? निम्मे तंबाखू मळत बसतील."

"पुस्तकातले मजूर तंबाखू खात नाहीत."

"मग चार दिवस," ती लगेच म्हणाली.

उत्तर बरोबर होते. पुढचे उदाहरण वेगाचे होते आणि घोडे नेहमी तेथेच पेंड खात असे. एक बस ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने धावते; तिचा वेग सेकंदाला किती मीटर? यासाठी मी तिला सूत्र दिले होते: पाच छेद अठराने गुणावे. तिच्या हातून कधी पाचाखाली अठरा येत, कधी अठराखाली पाच.

"ही बस मुलुंडला जाते ना? पुलावरून?" तिने विचारले.

"कोठेही जाईना."

"आपल्या ऐरोलीहून मुलुंड अर्ध्या तासात येतं. बस तासभर धावलीच नाही. मग तासाचे छत्तीस किलोमीटर आले कुठून?"

"वेग तसाच सांगतात."

"का?"

मी तेच पुन्हा सांगितले, या वेळी मोठ्याने.

"ओरडल्याने तास भरत नाही हो," ती म्हणाली.

मी उठलो. स्वयंपाकघरातील नळाखाली बादली ठेवली, हातातील घड्याळ पाहून अर्धे मिनिट नळ सोडला आणि बंद केला. लिटरच्या मापाने पाणी मोजले. तीन लिटर भरले.

"म्हणजे मिनिटाला सहा लिटर," मी म्हणालो.

"सहा कुठे आहेत? मला तीन दिसताहेत. नळ तर तुम्ही बंद केलात."

माझ्याकडे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक नव्हते. तिने ते पाणी कुंड्यांना घातले, पुस्तक मिटले आणि कुकर लावला. "दुपारी बाईंना कळवून टाकते. गृहविज्ञान तर गृहविज्ञान." आवाजात तक्रार नव्हती. मी वर्तमानपत्र उघडून बसलो. त्यात काय होते ते आठवत नाही.

मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या गोळीने नाडी मंदावते, म्हणून डॉक्टरांनी जेवणाआधी रोज नाडी मोजण्यास सांगितले आहे. हे काम पत्नीकडे आहे; दवाखान्यातील नर्सकडून ती ते शिकली. त्या दिवशीही तिने माझे मनगट धरले आणि भिंतीवरील घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत राहिली.

"सतरा. म्हणजे अडुसष्ट," ती म्हणाली आणि मनगट सोडले. मग पुन्हा धरले.

"मी पंधराच सेकंद मोजले."

"हो."

"आणि मिनिटाचे अडुसष्ट सांगितले."

"हो."

"उरलेलं पाऊण मिनिट तुम्ही असाल, हे धरून चालले."

"रीत तशी आहे."

"धरून चालायची?"

"हो. ठोके असेच पडत राहिले, तर मिनिटाला अडुसष्ट."

ती हसू लागली. मनगट तिच्या हातातच होते. "म्हणजे बसनं तासभर धावायला नकोच. अशीच धावत राहिली, तर छत्तीस. आणि नळ तसाच चालू राहिला असता, तर सहा."

"हेच मी सकाळपासून सांगतो आहे."

"नाही. सकाळपासून तुम्ही पाच छेद अठरा सांगताय."

ते खरे होते.

जेवण होताच तिने पुस्तक पुन्हा उघडले. सूत्राला हात लावला नाही. छत्तीस किलोमीटरचे छत्तीस हजार मीटर केले, तासाचे छत्तीसशे सेकंद केले आणि भागाकार केला. दहा. पुढचे उदाहरण ताशी बहात्तर किलोमीटरचे होते. त्यात तिने साठाने एकदाच भागले आणि उत्तर बाराशे काढले. मी बोलणार होतो. तिने हात वर केला.

"सेकंदाला बाराशे मीटर? ही बस मी आत चढायच्या आधी मुलुंडला पोहोचेल." तिने स्वतःच खोडून वीस लिहिले.

मग मी पुस्तकाबाहेरचे एक उदाहरण दिले. नळातून तासाला अठरा घनमीटर पाणी वाहते; सेकंदाला किती लिटर? एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, एवढेच सांगितले. तिने बराच वेळ घेतला. कागदाची मागची बाजूही भरली. उत्तर पाच आले आणि ते बरोबर होते. कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या पदविकाधारकांना मी हेच उदाहरण घालत असे. सर्वांना येत नसे. हे मी तिला सांगितले नाही. येथे लिहून ठेवतो.

पाचच्या सुमारास तिने मोबाइल घेतला. "बाईंना काय लिहू?"

"परीक्षा तुझी आहे."

"लग्न झाल्यापासून आमटीत मीठ किती इथपर्यंत मत देत आलात, आणि आज मौनव्रत?"

"गणित लिही."

"नापास झाले तर?"

"पुन्हा बसशील."

तिने एका बोटाने सावकाश टंकून संदेश पाठवला. उत्तरादाखल बाईंकडून अंगठ्याचे चिन्ह आले.

"शिकलेल्या बाईचा अंगठा," पत्नी म्हणाली, आणि ते चिन्ह तिने मला दोनदा दाखवले.

रात्रीचे जेवण लवकर आटोपले. ती पुन्हा उदाहरणे सोडवण्यास बसली. लिहिताना टेबल हलते, ओळ वाकडी जाते, अशी तिची तक्रार होती. मी चहापत्तीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, चार पदरी दुमडला, खाली बसून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला आणि वरून तळहाताने दाबून पाहिले. टेबल हलले नाही.